नमुना क्रमांक २१२

पाचव्या सत्राचे अकरा दिवस मी वर्गात होते.
पैसे एकशेपाच दिवसांचे लागले.
उरलेले चौऱ्याण्णव
डुलूथच्या टेकडीवर, हॉस्पिटलच्या सहाव्या मजल्यावर गेले.
खिडकीतून सरोवर दिसायचं, बिडाच्या तव्याच्या रंगाचं.
पूल उचलला जायचा,
खाली लोहखनिजाचं जहाज भोंगा द्यायचं
आणि नर्स विचारायची,
किती दुखतंय, एक ते दहात?
मी म्हणायची, चार.
आमच्या शास्त्रात कठीणपणाही असाच मोजतात,
शंखजिरं एक, हिरा दहा.
चार म्हणजे फ्लोराइट.
चाकूने सहज ओरखडा उठतो.

शिक्षण सोडल्यापासून सहा महिने सवलत, असं पत्रात होतं.
मी सोडलं नव्हतं.
ओल्या हातातून बशी सुटावी तसं सुटलं.
पण फॉर्मवर क्रियापद एकच असतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत.
पाहिलं होतं मी.
वसतिगृहातलं, अरुंद, भिंतीला टेकवलेलं,
बरोब्बर माझ्या मापाचं.
पाय नंतर सुजले.

जामीन म्हणून सही रोआल्डची.
माझ्या आईचा दुसरा नवरा,
थंडीत रात्री तीनला उठून काउंटीचा बर्फ लोटतो.
पत्रं त्याच्याही नावाने येतात.
तो ती फ्रिजवर ठेवतो, पावाच्या डब्यामागे,
मी झोपले असं वाटलं की फोडतो,
आणि सकाळी अंडी तळताना शिट्टी वाजवतो.
उसनं अवसान.
तेवढं एकच काय ते बिनव्याजी आहे या घरात.

मुद्दल अठ्ठावीस हजार चारशे.
आज तेहतीसच्या पुढे.
मी आजारी असताना तेवढंच एक धडधाकट होतं,
वेळेवर खात होतं,
वाढत होतं.

फोनवर चाळीस मिनिटं बासरी.
मग एक बाई, डोरिंडा, कुठल्यातरी उन्हाळी राज्यातली,
मागे पंखा फिरत असावा.
पदवी पूर्ण झाल्याची तारीख?
नाही झाली.
रकाना रिकामा राहत नाही, मॅडम, पुढचं पान उघडत नाही.
मग?
मग काहीतरी घालावं लागेल.
मी म्हटलं, चौदा सप्टेंबर.
टकटक टकटक.
घेतली, म्हणाली. मशीनने घेतली.

चौदा सप्टेंबरला आम्ही ओढ्यावर गेलो होतो.
प्रयोगशाळेतला नमुना सोबत न्यायचा
आणि काठाच्या खडकाशी ताडून पाहायचा.
मला २१२ मिळाला होता.
ताडून पाहिला. जुळला.
तसं वहीत लिहिलं, भिंग मिटलं,
चढण चढायला लागले आणि मध्येच बसले.
बाकीचे वरून हाका मारत होते. ऑड्रा, चल ना.
मी हात केला, येते.

कोट हॉस्पिटलातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी आला.
खिशात २१२.
विद्यापीठाने बाकी सगळं मागितलं,
हा मागितला नाही.
एकशेदहा कोटी वर्षांचा बसाल्ट.
लाव्हा थिजताना आत वाफेचे बुडबुडे अडकले,
पोकळ्या राहिल्या,
आणि मग कधीतरी त्यात पाणी झिरपत गेलं,
थेंबाथेंबाने लाल अगेट भरत गेलं.
काही पोकळ्या अजून तशाच आहेत.

आता मी हार्डवेअरच्या दुकानात चाव्या कापते,
आठवड्यातून चार दिवस, स्टुलावर बसून.
हप्ता एक्केचाळीस डॉलर ठरला.
रोआल्डने वहीत भागाकार केला, खोडला,
वही मिटली.
पत्रं आता टेबलावरच असतात, दगडाखाली.

बुधवारी त्याने तो उचलून पाहिला.
कठीण किती म्हणायचा हा?
सहा असेल, मी म्हटलं. थांब.
आणि खिशातली पितळी चावी काढून त्यावर जोरात घासली.
रेघ उमटली, पिवळी, चकचकीत.
रोआल्ड म्हणाला, ओरखडा पडला की गं.
मी अंगठ्याने पुसली.
चावीची होती.